गाणं संपेपर्यंत

जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवायचं दुकान दोघं बहीणभाऊ मिळून चालवायचे. ताई कापड बेतायची, आप्पा ठोकाठोकी करायचा. दुपारच्या वेळी रेडिओवर संथ रॉक गाणी लागत. शब्द निम्मेअर्धेच कळायचे, पण गिटार सुरू झाली की ताईचा हात सैल पडायचा. एका गाण्यात तिचं मोडलेलं लग्न होतं, दुसऱ्यात कॉलेजची सहल.

"कात्री चालू दे, ताई," आप्पा चिडवायचा. "सहल परत आली की हाक मारतो तुला."

एका दुपारी एक गाणं लागलं. आधी एकटी गिटार, मग घोगरा, दुखावलेला आवाज.

"चिमणचं गाणं," ताई सहज म्हणाली.

"सगळे शब्द चुकीचे म्हणायचा लेकाचा," आप्पा हसला. "आणि वर आपल्यालाच दटावायचा!"

ताईला सगळं लख्ख दिसलं. धाकट्या भावाचा अर्धा तुटलेला दात, खिडकीत बसून पाय हलवणं, तिच्याच बाहीला नाक पुसणं. तिचा ऊर मायेने भरून आला.

गाणं संपलं. जाहिरात सुरू झाली.

"काय बोलत होतो गं आपण?" आप्पाने विचारलं.

"कुणास ठाऊक."

तिला भाऊ एकच, आप्पा. मग डोळे कशाने ओलावले, हे काही तिला उमगेना.

पुढच्याच आठवड्यात ते गाणं पुन्हा लागलं आणि चिमण पुन्हा आठवला. त्याच्यासोबत मागचा विसरही आठवला. ताईने कात्री खाली ठेवली.

"आप्पा, गाणं संपलं की आपण त्याला विसरतो रे! आहे कुठे तो?"

आप्पाचा चेहरा उतरला. मग हळूहळू उजळत गेला. ओठांत धरलेले खिळे काढून त्याने टेबलावर ठेवले.

"बाहेर गातोय बघ. तेच चुकीचे शब्द."

ताईने कान दिला. रेडिओखेरीज तिला काहीच ऐकू येईना.

"जाऊ नकोस. गाणं संपू दे आधी."

"संपल्यावर कुणाला शोधू, ताई?"

तो गेला.

दार थोडा वेळ झुलत राहिलं. गिटार विरत गेली.

गाणं संपलं.

ताईने कापड पुढे ओढलं. एकटीने ताणायचं म्हणजे जिकिरीचं काम. इतकी वर्षं कसं निभावलं, तिचं तिलाच नवल वाटलं. हातोडी घेतली, टेबलावरचे खिळे उचलून ओठांत धरले.

खिळे अजून कोमट होते.