सौजन्याचा धूर

"हवा पाचवर कर बे!"

"पाचवरच आहे! पुढं आकडाच नाही!" गोलू ओरडला आणि खोकला.

अड्याळच्या भोजनगृहात गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण मिळे. नवी पेलेट शेगडी आल्यापासून सोबत धूरही मिळे, तोही हवा तेवढा. धानाच्या कोंड्याच्या कांड्या, म्हणजे पेलेट, डब्यातून आपोआप आगीत पडत. दोन बटणं होती : आतल्या पंख्याचं 'हवा' आणि कांड्यांचं 'पेलेट'. समितीचे अध्यक्ष वासुदेवराव रोज येत, आच मंद दिसली की 'पेलेट' वाढवत आणि धूर वाढला की बाहेर जात.

आज जाताना ते स्वयंपाकीण गिरजाबाईंना म्हणाले होते, "बाई, तुम्हाले मशीन जमत नाही. सोमवारपासून दुसरी बाई पाहतो."

गिरजाबाई उर्वशीची आजी. शेगडीपुढं खोकून त्या अर्ध्या झाल्या होत्या.

"आजीचं काम जाते आता!" उर्वशीचे डोळे भरले. धुराने भरले, असं तिचं म्हणणं.

म्हणून जेवणं आटोपल्यावर उर्वशी, रुपा आणि गोलू, दिवाळीच्या सुट्टीतली ही तिघं, शेगडीवर पाण्याचा गंज चढवून बसली होती.

"दोन्ही बटणं एकदम फिरवू नका," रुपा वहीत आकडे लिहीत म्हणाली. "एक फिरवा, दुसरं राहू द्या."

पेलेट एकवर, तर पाणी कोमट. चारवर, तर काळोख! आणि हवा? एकवर असो की पाचवर, ज्योत तशीच पिवळी, आळशी.

"पंखा तर फिरून राहिला!"

"फिरते, पण हवा घेते कुठून?"

गोलूने वहीचा कागद फाडून शेगडीभोवती फिरवला. एका जागी तो चटकन चिकटला. काजळलेल्या स्टीलच्या पाटीच्या कडेला! पाटीवर कोरलं होतं : 'सौजन्य : श्री. राजकुमारजी, राईस मिलवाले.'

उद्घाटनाच्या दिवशी चार स्क्रू मारून पाटी नेमकी पंख्याच्या जाळीवर बसवली होती.

"हात लावायचा नाही!" दारातून वासुदेवराव गरजले. "दात्याचं नाव आहे!"

"काकाजी, हवा अडून राहिली!"

"अडू दे. नाव समोरच पाहिजे." त्यांनी गोलूच्या हातातला स्क्रू काढायचा पेचकस हिसकावून घेतला.

दुसऱ्या दिवशी राजकुमारजी फोटो काढायला आले. गोलू अगदी गरीब चेहरा करून पुढं झाला. "शेठजी, इथं काळं झालेलं नाव कोणाचं आहे जी? म्हातारे विचारतात."

राजकुमारजींनी रुमालाने पाटी पुसली. रुमालही काळा झाला.

"वासुदेवराव! माझं नाव धुरात काहून लावलं? भिंतीवर लावा, आत्ताच!"

चार मिनिटांत पाटी निघाली. समितीचं इतकं झटपट काम गावाने पहिल्यांदाच पाहिलं. उर्वशीने पेलेट दोनवर ठेवलं आणि हवा हळूहळू चारवर नेली. ज्योत सरळ उभी राहिली. धूर विरला. भाताचं आधण खदखदू लागलं!

"शाब्बास!" वासुदेवरावांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "मले पहिल्यापासून हवेवरच शंका होती. आणि बाई, सोमवारी वेळेवर या."

फोटो निघाला. मोठी माणसं चहाला गेली. गिरजाबाईंनी तांदूळ वैरले आणि पुन्हा खोकल्या.

उर्वशीने घाबरून बटणं पाहिली. "आजी, आता तर धूर नाही!"

"हा आतला आहे, माय," गिरजाबाई म्हणाल्या. "जा, ताटं मांड."