पांढऱ्यावर पांढरी अक्षरं

काउंटर तिचं नव्हतंच. रक्त तपासणाऱ्या त्या छोट्या लॅबमध्ये तिची जागा आतल्या खोलीत. रिपोर्ट नजरेखालून घालायचे आणि उरलेल्या वेळात लॅबची वेबसाइट सांभाळायची. पण काउंटरवरच्या मावशी दात दाखवायला गेल्या होत्या, म्हणून त्या दुपारी ती बाहेर येऊन बसली... आणि नेमका तेव्हाच तो आला.

बाहेर पाऊस चालू होता. तो स्वतः निथळत होता. शर्टाच्या आत प्लास्टिकमध्ये गुंडाळून दडवलेला लॅपटॉप मात्र खडखडीत कोरडा.

"तक्रार कुणाकडे करायची?"

"कशाबद्दल आहे?"

"तुमच्या वेबसाइटबद्दल."

ती सावरून बसली. "मग माझ्याकडेच. मीच बनवलीय."

"अरे बापरे," तो म्हणाला. "थांबा, जरा गोड शब्द शोधतो."

त्याच्या आईला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू होत्या. ठरावीक दिवसांनी तपासणी, आणि त्यावर पुढचा डोस. रक्त न्यायला लॅबचा माणूस घरी यायचा, त्याचं बुकिंग वेबसाइटवर. पण फॉर्मच्या चौकटीत काही टाइप केलं की ते दिसायचंच नाही.

"मी आपला अंदाजाने बोटं चालवतो. मागच्या खेपेला मजला चुकला. तुमचा माणूस सुई घेऊन वरच्या आजोबांच्या दारात! त्यांनी हातही पुढे केला म्हणे, ते कुणाला नाही म्हणतच नाहीत."

तिला हसू आलं. पण त्याचा चेहरा उतरला होता.

"इकडे आईची तपासणी राहिली ती राहिलीच. डोस कमी-जास्त झाला तर काय, या विचाराने झोप लागत नाही."

"फोन नाही केलात?"

"केला. 'आमच्याकडे तर दिसतंय' म्हणाले. मेहुण्याला विचारलं, तो म्हणाला, थीम बदल."

त्याने लॅपटॉप उघडला. जुना होता, मेहुण्यानेच त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलेलं. थीम अशी की सगळा पडदा कोळशासारखा काळा, त्यावर फिकट अक्षरं. पांढऱ्या पडद्याने त्याची अर्धशिशी उठायची. दिवसभर व्हायोलिनच्या बारीक चिरा बुजवणाऱ्या माणसाला डोकं धरून बसणं परवडत नव्हतं. त्याच्या हातांना राळेचा वास होता. लॅबमधल्या स्पिरिटच्या वासात तो वेगळा, उबदार जाणवत होता.

तिने त्यावर आपल्या वेबसाइटच्या फॉर्ममधल्या चौकटीत काहीतरी टाइप केलं. काहीच नाही. मग माउसने चौकटीवरून ओढलं — आणि निळ्या पट्टीत अक्षरं उमटली.

"आहेत की!" ती हरखून म्हणाली. "पांढऱ्यावर पांढरी आहेत. मी पानाला सांगितलं, चौकट पांढरी ठेव. अक्षरं कुठल्या रंगाची, ते सांगितलंच नाही. काळीच असणार, असं धरून चालले. तुमचा ब्राउझर मात्र ते डेस्कटॉपच्या थीमला विचारतो. थीम काळी, म्हणून अक्षरं पांढरी."

"म्हणजे... थीम बदलू?"

"तुम्ही कशाला? चूक माझी आहे. अर्धंच सांगितलं मी, आणि उरलेलं गृहीत धरलं."

तो तिच्याकडे बघत राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. आजवर सगळ्यांनी मलाच बदलायला सांगितलं. खोलीत दिवा लाव, चष्मा बदल, थीम बदल. तुम्ही पहिल्याच."

आईचं बुकिंग तिने तिथल्या तिथे स्वतः केलं. मजला दोनदा विचारून.

दुरुस्ती एका ओळीची होती. पण ती बरोबर बसली का, हे आपल्या पांढऱ्या पडद्यावर कसं कळणार? तिने स्वतःच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि त्याची थीम लावली, अगदी तीच. मग त्याला बोलावून घेतलं. तो आला, टाइप केलं, दिसलं. पण तारखेच्या यादीतलं काही दिसेना. तीही दुरुस्त झाली. मग बटणावरचा मजकूर. दर खेपेला काहीतरी निघायचं, आणि दर खेपेला तो जरा जास्त वेळ बसायचा. व्हायोलिनच्या आत आधाराची एक काडी असते, ती तसूभर सरकली तरी आवाज बदलतो, हे तिला त्यानेच सांगितलं. एकदा त्याच्या आईचा फोन आला. "डोस बरोबर बसला म्हणाले डॉक्टर. त्या मुलीला माझा आशीर्वाद सांग. आणि चहा तरी पाजलास का तिला?" पलीकडचा आवाज एवढा खणखणीत होता की सांगायची गरजच उरली नाही.

मग एके दिवशी सगळंच दिसायला लागलं.

"आता काही राहिलं नाही," तो म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "काही अडलं तर... या."

तो आला नाही. आईचं पुढचं बुकिंग वेबसाइटवरून आलं. नाव, पत्ता, मजला, सगळं बिनचूक. इतका बिनचूक भरलेला फॉर्म पाहून इतकं वाईट तिला कधीच वाटलं नव्हतं.

"अगं, सारखी बघतेस, दाराला काय सोनं लागलंय?" मावशींनी विचारलं. ती आतल्या खोलीत पळाली.

आणि एका ओल्या दुपारी तो तिथेच, खोलीच्या दारात उभा. शर्टाला कडक इस्त्री. लॅपटॉप नाहीच.

"ते... फॉर्मच्या शेवटी 'मान्य आहे' असं लिहिलंय ना, तिथली टिक दिसत नाही."

"दिसत नाही?"

"अजिबात."

तिने मॉनिटर त्याच्याकडे वळवला. कोळशासारखा काळा पडदा. "ही तुमचीच थीम. तेव्हापासून हीच वापरते मी. टिक स्वच्छ दिसते."

त्याचे कान लाल झाले. "पकडला गेलो." मग हळूच, "पण काम तर केव्हाच संपलं. मग काढली का नाहीत?"

"सवय झाली," ती म्हणाली आणि थांबली. परत तेच... अर्धंच सांगायचं, बाकीचं त्याच्यावर सोडून द्यायचं. ती चूक तिला आता चांगली ओळखीची होती.

"नाही, पूर्ण सांगते. तुम्हाला जे दिसतं तेच बघत बसायला मला आवडतं. आणि तुम्ही यायचे थांबलात, ते मुळीच आवडलं नाही. दोन्ही सांगितलं. आता काही गृहीत धरू नका."

बाहेर मावशींच्या खुर्चीचं करकरणं एकदम बंद झालं.

"मी आईला सांगून निघालो होतो, आभार मानायला जातोय," तो म्हणाला. "आई म्हणाली, आभार मानायला कुणी शर्टाला इस्त्री करून जात नाही."

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, ते तिकडेच जाऊन सांगतो. खूप आवडता तुम्ही मला. आणि आभारही खरेच आहेत. आई शांत झोपते, मीही झोपतो." तो जरा हसला. "म्हणजे झोपायचो. हल्ली पुन्हा झोप लागत नाही."

तिने बाजूची खुर्ची ओढली आणि माउस त्याच्याकडे सरकवला.

तो बसला. फॉर्मच्या अगदी तळाशी गेला आणि 'मान्य आहे'च्या शेजारच्या चौकटीत क्लिक केलं.

"दिसतेय?" तिने विचारलं.

"दिसतेय," तो म्हणाला. पण बघत होता तिच्याकडे.