उजव्या कुशीतली कळ

“हे कपाट उघडलं की आपला अड्डा याच्यातच,” भोंगा म्हणाला आणि त्याने दाराला खांदा लावला.

दार हललं नाही. हलणार कसं? त्याला ना मूठ, ना कडी, ना कुलूप. सुट्टीचे तीन दिवस भोंगा याच एका कामाला जुंपला होता. भोंगा म्हणजे पेन्सिलचा चुलतभाऊ. तो कानात सांगायला आला तरी गल्लीला ऐकू जायचं. त्याच्या मागे मागे फिरायची ती त्याची सहा वर्षांची बहीण, शेपूट. आणि पेन्सिल स्वतः बारा वर्षांची, उंच, काटकुळी. हे नाव आईने ठेवलेलं, म्हणून ती त्यावर कधी चिडत नसे.

आई जाऊन आठ महिने झाले होते.

घराच्या खालीच त्यांचा कारखाना होता. बाबा सुतार. ते कपाटं, पेट्या, टेबलं करायचे आणि आई त्यांना बिजागऱ्या, कड्या, कुलपं बसवायची. लाकूड बाबांचं, पितळ आईचं. हे दोघांनी मिळून केलेलं शेवटचं कपाट. मधेच आई आजारी पडली आणि ते अर्धवट राहिलं, असं सगळे म्हणत. हल्ली बाबा त्याच्याकडे पाठ करूनच रंधा मारत.

“चारला टेम्पो येतोय रे,” जिना उतरता उतरता काका म्हणाले. काका म्हणजे भोंग्याचे बाबा. माणूस मनाचा चांगला, पण घाई अशी की चहासुद्धा उभ्याने प्यायचे. “दादाला हे नजरेसमोर नको झालंय. नेऊन फळ्या करतील त्याच्या. लाकूड वाया जाणार नाही.”

“पण काका, आईने केलंय ते.”

“अर्धवट केलंय गं बाळा. उघडतसुद्धा नाही. काय करायचं त्याचं?”

त्यांनी माप घ्यायला कपाट एका बाजूला कलतं केलं, आणि आत काहीतरी घरंगळत गेलं.

“ऐकलंत? आत काहीतरी आहे!” भोंगा ओरडला.

“सुटा खिळा असेल,” म्हणत काका जिना चढूनही गेले.

खिळा असा घरंगळत नाही, हे सुताराच्या मुलीला कळत होतं. आवाज गोल आणि जड होता. ती कपाटाला कान लावून उभी राहिली आणि नकळत गुणगुणू लागली.

“ए, गप,” भोंगा त्याच्या मते हळू आवाजात म्हणाला. “मोठे काका मागे आहेत. ते गाणं नको ना त्यांना.”

पेन्सिल एकदम थांबली. ते गाणं आईने स्वतः रचलं होतं.

*उजव्या कुशीत माझ्या कळ,*
*तुला कशी रे कळली नाही?*
*खाली वाकून बघ जरा,*
*वेळ अजून टळली नाही.*
*हळूच दाब, सोसेन मी,*
*पोटातलं मग ओठी येईल.*

आईचं दुखणं उजव्या कुशीतच होतं. तिने ते अंगावर काढलं, कुणाला सांगितलं नाही, आणि समजलं तेव्हा फार उशीर झाला होता. हॉस्पिटलच्या खाटेवर पडून ती बाबांकडे बघत हेच गाणं म्हणायची, आणि बाबा खिडकीबाहेर बघत राहायचे. ती गेल्यावर ते एवढंच म्हणाले, “हे गाणं या घरात नको.” का नको, ते पेन्सिलला न सांगता समजलं होतं. तुला कशी रे कळली नाही? एकाच घरात राहून, एकाच टेबलावर काम करून? कधीकधी तिलाही बाबांचा राग यायचा. मग आठवायचं की आपणही त्याच घरात होतो, आणि तिला फार रडू यायचं.

चारच्या ठोक्याला टेम्पो दारात आला. ड्रायव्हर दोरखंड घेऊन आत आला.

“काहीतरी कर,” पेन्सिल भोंग्याला म्हणाली. “दहा मिनिटं थांबव त्यांना. आत काय आहे ते बघितल्याशिवाय नाही जाऊ द्यायचं.”

भोंग्याला एवढंच हवं होतं. तो स्टुलावरून थेट कपाटाच्या डोक्यावर चढला, आडवा झाला आणि पाय धरून त्याने जो सूर लावला, त्याने टेम्पोवाला दोन पावलं मागे सरला.

“आई गं! पायात कळ आली! हलवू नका मला! कळ आली, कळ!”

“खाली उतर म्हणतो ना!” काका घड्याळ बघत धावत आले.

शेपूट खालून डोळे मोठे करून बघत होती. तिने गंभीरपणे विचारलं, “कुठली कळ रे दादा? दाबायची?”

भोंगा क्षणभर रडायचा थांबला. “दाबायची काय? दुखायची.”

“मोठी काकू दिव्याच्या बटणाला कळ म्हणायची. मला उचलून म्हणायची, दाब कळ.”

पेन्सिल गर्रकन कपाटाकडे वळली. खरंच की. आईच्या तोंडी बटण हा शब्दच नव्हता. खटका असो, चाप असो, तिच्या लेखी सगळ्या कळाच. आणि चोरकप्पे करायची तर तिला केवढी हौस! कपाटाच्या बाजूला घरात सगळे कूस म्हणायचे, आतल्या जागेला पोट. दार चौकटीला जिथे मिळतं, त्या पट्टीला बाबा ओठ म्हणायचे.

“गाण्यातली ‘मी’ आई नाहीये,” ती म्हणाली. “हे कपाट बोलतंय.”

ती उजवीकडे धावली, गुडघ्यांवर बसली, खालची कड बोटांनी चाचपली. काही नाही. लाकूड गुळगुळीत होतं.

“अगं, त्याची उजवी कूस!” पायातली कळ विसरून भोंगा वरून लोंबकळत म्हणाला. “ते तुझ्याकडे तोंड करून उभंय. त्याची उजवी तुझ्या डावीकडे!”

पेन्सिल डावीकडे गेली. अगदी खाली, जमिनीपासून वीतभर अंतरावर, नखाएवढा एक खोलगट ठिपका लागला. बाजूला पटाशीचे ताजे ओरखडे होते. कुणीतरी घाईघाईत जोर लावून गेलं होतं. काकांनी नजर दुसरीकडे वळवली. पेन्सिलने बोट टेकवलं आणि हळूच दाबलं.

टक्. ओठ सुटला आणि दार आपणहून चार बोटं पुढे आलं.

मागचा रंध्याचा आवाज थांबला होता. आईच्या कळांचा तो ‘टक्’ बाबांनी हजारदा ऐकलेला होता. ते येऊन मुलांच्या मागे उभे राहिले.

आत चहाचा एक गोल डबा आडवा पडला होता, नवा, सील न फोडलेला. आणि दाराच्या आतल्या बाजूला सुताराच्या जाड पेन्सिलीने आईच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘गाणं ऐकून सापडली ना? तरी हरले मी. आठवडाभर चहा माझ्याकडे.’ खाली तारीख होती.

बाबांनी तारीख दोनदा वाचली. “तेव्हा तिला काही होतही नव्हतं,” ते म्हणाले. “दुखणं तर पुढे तीन महिन्यांनी सुरू झालं, डॉक्टरांना तिनेच सांगितलं होतं.”

मग ते भुशातच खाली बसले. “आमची पैज असायची. तिने कळ लपवायची, मी शोधायची. हरेल त्याने आठवडाभर चहा करायचा. ही मला सापडलीच नाही, म्हणून तिने गाणं केलं. मग तिचं आजारपण आलं आणि मी सगळं विसरलो.” त्यांनी दारावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “हॉस्पिटलमध्ये ती मला खूण देत होती गं. खेळत होती माझ्याशी. आणि मला वाटलं, जाब विचारतेय. मी खिडकीबाहेर बघत बसलो.”

ते मोठ्याने रडले. मोठी माणसं अशी रडतात हे शेपटाने पहिल्यांदाच पाहिलं, आणि ती जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. पेन्सिलने त्यांचा हात धरला. आठ महिने ती बाबांवर मनातल्या मनात रागावली होती, ते तिने तिथेच सांगून टाकलं. बाबांनी तिला जवळ ओढलं.

काका कधी नव्हे ते स्वस्थ उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी टेम्पो परत पाठवला. “मी नुसता जोर लावत बसलो,” ते भोंग्याला खाली उतरवत म्हणाले. “तुम्ही पोरांनी नीट ऐकलंत. शाबास रे.”

“नाटक मात्र फार वाईट होतं,” पेन्सिल डोळे पुसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या डब्यातला चहा करून बाबांसमोर घेऊन गेली. “आईचा आठवडा आहे,” ती म्हणाली. बाबांनी कप दोन्ही हातांत धरला आणि चहा गार होईपर्यंत तसेच बसून राहिले. मग गारच प्यायले.

सात दिवस तिने चहा केला. सातव्या दिवशी बाबांनी कपाटासमोर वाकून कळ दाबली, उरलेला डबा आत ठेवला आणि दार लावता लावता गाण्याची पहिली ओळ म्हटली. दुसरी काही त्यांना म्हणता येईना. तेव्हा भोंग्याने ती उचलली, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी आणि साफ बेसूर. कुणीही त्याला गप्प बस म्हटलं नाही.