तीन ठोके म्हणजे बंद

सुट्टीच्या दिवशी मी एकटाच गॅरेजमध्ये जातो आणि पाने धुतो. घमेल्यात थोडं डिझेल ओतायचं, आठवडाभराचा चिकटा सोडवायचा, फडक्याने पुसून एकेक पाना त्याच्या खिळ्याला टांगायचा. घरात माणसं असतात, आणि माणसं असली की मला राग येतो, म्हणून ही सोय. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण त्या सकाळी माझं डोकं चक्क थंड होतं. मी आधीपासूनच चिडून बसलो होतो असं कुणी म्हणायला नको.

अकराच्या सुमाराला धाकटा आला. माझा भाऊ. दहा वर्षं आम्ही याच पत्र्याखाली एकत्र काम केलं, मग एके दिवशी त्याने पाना खाली ठेवला आणि ड्रायव्हर झाला. तो आला ते एक जुना, लांब नाकाचा ट्रक घेऊन. दारात पोहोचण्याआधी गाडी तीनदा बंद पडली, हे मी आतूनच मोजलं.

"कुणाची?" मी विचारलं.

"माझी," तो म्हणाला. "काल घेतली. लाकडाच्या वखारवाल्याकडून."

मला न विचारता. सख्खा भाऊ इंजिनाचा मिस्त्री, आणि हा इंजिन न दाखवता ट्रक घेऊन आला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, आधी बघ तरी. शिव्या मग घाल."

"घेण्याआधी दाखवली असतीस तर दोन्ही एकदम उरकलं असतं."

"स्लोला थरथरते, मिसिंग करते, आणि मग मरते. बाकी गाडी सोन्यासारखी आहे. उद्या पहिला माल भरायचाय."

उद्या म्हणजे घाटातून. तुम्हाला ट्रक माहीत नसेल तर सांगतो: भरलेली गाडी उतारावर असताना इंजिन मेलं, की ब्रेकची हवा भरायची थांबते आणि स्टिअरिंग दगड होतं. त्यानंतर ड्रायव्हरच्या हातात फक्त देवाचं नाव उरतं. तेव्हा प्रश्न भावाच्या मूर्खपणाचा नव्हता, भावाच्या जिवाचा होता. मी बाह्या सरसावल्या.

आधी डिझेलचा फिल्टर बदलला. मग लाइनने कुठे हवा धरली आहे का ते पाहिलं. एक बुडबुडा नाही. फीड पंपाची जाळी स्वच्छ. मग जुनी, खात्रीची युक्ती केली. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट थोडा सैल करायचा. त्या सिलिंडरचं डिझेल तुटलं आणि इंजिनाचा आवाज पडला, तर तो सिलिंडर कामाचा. आवाजात फरक पडला नाही, तर चोर तोच. सहाच्या सहा नट सैल करून पाहिले. सहाही वेळा आवाज पडला. घरात सगळे कमावते, आणि तरी घर चालत नाही, असला प्रकार.

"खालून बघतो," मी म्हणालो. "तू वर बस."

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. इंजिन चालू असताना गाडीखालच्या माणसाचं बोलणं वर ऐकू येत नाही. म्हणून खालच्याने चासीवर पाना ठोकायचा. एक ठोका म्हणजे चालू, दोन म्हणजे रेस दे, तीन म्हणजे बंद. आमच्या बापाने ही पद्धत घालून दिली, आणि तिच्यावर एक नियम: ठोक्याला उलट प्रश्न नाही. पटो न पटो, हात आधी चालवायचा, तोंड नंतर.

मी खाली सरकलो. बाहेर रणरणतं ऊन होतं, पत्रा तापून कडकड वाजत होता, आणि गाडीखाली मात्र तळघरात असावा तसा गारवा. वास डिझेलचा होता, आणि त्याखाली आणखी एक, इस्त्री जास्त वेळ ठेवल्यावर कापडाला येतो तसा. मी एक ठोका दिला. इंजिन सुरू झालं, अर्धा मिनिट थरथरलं आणि बंद झालं.

"का बंद केलीस?" मी ओरडलो.

"तूच ठोकलंस ना तीनदा!"

"मी? माझा पाना इथे छातीवर आहे."

"मग तुझ्या छातीने ठोकलं असेल. मला ऐकू आलं."

मी बाहेर आलो, त्याला दोन शिव्या हासडल्या आणि जागा बदलल्या. मी वर, तो खाली. इंजिन चालू झालं. थोड्या वेळाने पायाखालून आलं, ठक, ठक, ठक. अगदी स्वच्छ, सारख्या अंतराने. मी इंजिन बंद करायची नॉब ओढली. धाकटा खालून लालबुंद होऊन बाहेर आला.

"खेळ चाललाय का, दादा? मी हातसुद्धा हलवला नाही."

मग मी गाडी चालू करून खाली उतरलो आणि आम्ही दोघंही बॉनेटपाशी उभे राहिलो. केबिनमध्ये कुणी नाही, गाडीखाली कुणी नाही. इंजिन थरथरायला लागलं. माझी नजर डिझेलच्या पंपावर होती. पंपाच्या कडेला एक छोटी दांडी असते; केबिनमधली नॉब ओढली की तार त्या दांडीला ओढते आणि डिझेल तुटतं. ती दांडी हलत होती. जवाएवढी पुढे, जवाएवढी मागे. म्हणूनच इंजिन अडखळत होतं, त्याचा घास कुणीतरी तोंडातून काढून घेत होतं.

ठक. ठक. ठक.

दांडी सावकाश शेवटपर्यंत गेली आणि इंजिन मेलं.

"तार... तार आखडली असेल," धाकटा हळूच म्हणाला.

मी तार सोडवली. पूर्ण काढून बाजूला टाकली. पुन्हा चालू केलं. दांडी पुन्हा हलायला लागली. मी तिच्यावर बोट ठेवलं... आणि पलीकडून ओढ जाणवली. स्प्रिंगची ओढ मला कळते, ती एकसारखी असते. ही तशी नव्हती. ही थांबत होती, दम खात होती, पुन्हा ओढत होती.

माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून राग आला. मी वखारवाल्याला फोन लावला. नमस्कार वगैरे काही नाही, सरळ विचारलं, "या गाडीखाली काय झालंय?"

पलीकडे त्याने ओरडून करवत बंद करायला लावली.

"माझा मिस्त्री होता," तो म्हणाला. "मागची चाकं उचलून, गियरमध्ये टाकून चाकांना फिरवणारा शाफ्ट बघत होता. मी वर बसलो होतो. तो सारखा ठोकायचा हो... चालू कर, बंद कर, चालू कर, बंद कर. मला घाई होती. वैताग आला होता. शेवटच्या वेळी त्याने ठोकलं तेव्हा मी... म्हटलं, ठोक लेका."

"आणि?"

"गमछा होता गळ्यात. शाफ्टने ओढला."

त्याला मी काय काय बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही. माणूस मारला आणि गाडी धुऊन विकली! फोन ठेवून मी धाकट्याला सगळं सांगितलं. म्हटलं, गाडी आत्ताच्या आत्ता त्याच्या दारात नेऊन उभी कर.

तो हसला. तोंड पांढरं पडलेलं, तरी हसला. "तुला कधी बघवलंच नाही, दादा. मी तुझ्या हाताखालून निघालो ते बघवलं नाही, स्वतःची गाडी घेतली तेही नाही. आता भूत काढलंस."

"मी काढलं? तू स्वतः बघितलंस!"

"दांडी हलते ना? बांधून टाक. तेवढं कर, बाकी माझं मी बघतो."

मी तिथे त्याचे पाय धरायला हवे होते. मी नाही धरले. मी म्हणालो, "बांधतो! हो मोठा. जा, मर तिकडे." आणि बाइंडिंगची तार घेऊन मी ती दांडी पंपाला आवळून बांधली, चार वेढे, पक्कडीने पीळ देऊन. बघू कोण ओढतं. मनातल्या मनात मी त्या मेलेल्या माणसाशीसुद्धा भांडत होतो.

इंजिन इतकं सुरेख चालायला लागलं की काय सांगू. एकसारखा, गोल आवाज. धाकट्याचं तोंड उजळलं. "बघितलंस?" तो म्हणाला. "आता फक्त शाफ्टच्या सांध्याचा, क्रॉसचा आवाज ऐकतो. मागे जॅक लाव."

मागची चाकं उचलली, आस लोखंडी घोड्यांवर टेकवला. मी केबिनमध्ये बसून गियर टाकला. चाकं हवेत फिरायला लागली. तो पाना घेऊन खाली गेला, माझ्याकडे न बघता. मीही बघितलं नाही. दातओठ खात समोरच्या भिंतीकडे बघत बसलो.

ठक. ठक. ठक.

मला वाटलं, आला परत. मला दुसरं काहीही वाटलं नाही, शपथेवर सांगतो. दांडी ओढता येईना म्हणून ठोकून बघतोय. आणि माझ्या तोंडून शब्द निघाले, "ठोक लेका." मी पाय दाबला. रेस दिली.

पुन्हा तीन. मी आणखी दाबली.

मग ठोके मोजता येईनात. एकावर एक, वेडेवाकडे, सबंध चासी वाजत होती. तो मेलेला माणूस नेहमी तीनच ठोकत होता. हे लक्षात आलं. मी नॉब ओढली; ती नुसतीच हातात आली, तार मीच काढून टाकली होती. क्लच दाबून शाफ्ट थांबवायला हवा होता. तीस वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाला क्लच सुचला नाही. मी उडी मारून पंपापाशी गेलो आणि पक्कड न शोधता बोटांनी तो पीळ उलगडला. हे तळव्यावरचे व्रण त्याचेच. दांडी शेवटपर्यंत गेली, इंजिन थांबलं.

धाकटा जगला. उजवा हात कोपरापासून गेला. बाही शाफ्टमध्ये अडकली होती. आता तो गॅरेजमध्येच बसतो, डाव्या हाताने कामाच्या चिठ्ठ्या लिहितो. गाडी मी तोडून घेतली, बोल्ट न् बोल्ट. वखारवाल्याच्या दारात जाऊन मी पुष्कळ ओरडलो, पण ओरडताना त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

धाकट्याने मला एकदाही दोष दिला नाही. उलट त्याच्या मनात माझ्याबद्दल माया आहे, आणि तेच मला सहन होत नाही. दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "बरं झालं दादा, तू खाली आलास."

मला वाटलं, गुंगी आहे. पण तो आजही तेच सांगतो, एक शब्द इकडचा तिकडे नाही. बाही अडकली तेव्हा पाना हातातून निसटला. त्याने एकही ठोका दिला नाही. म्हणे मी त्याच्या शेजारी उताणा पडलो होतो. मी त्याला कमरेला धरून ठेवलं होतं, म्हणून शाफ्टने त्याला सबंध ओढलं नाही. दुसऱ्या हाताने पाना उचलून मी ठोकत होतो, आणि रडत होतो, आणि वरच्या माणसाला शिव्या घालत होतो. माझा आवाज तो ओळखतो. माझ्या शिव्याही.

परवा संध्याकाळी चिठ्ठ्या आवरताना त्याने पुन्हा विचारलं. शांतपणे, सहज.

"दादा, इतका ठोकत होतास तू... तरी वरचा रेसच देत होता. वर बसवलं होतंस कुणाला?"

मी पाने धुवायला घेतले.