सोबत कोण?

त्या मुलीची प्रकृती खालावली असती, तर फायदा डॉक्टरीणबाईंचाच होता.

विष घेऊन तातडीच्या विभागात आलेल्यांपैकी कोणाची प्रकृती गंभीर होणार, हे आल्याआल्या सांगणारं सूत्र त्यांनी बसवलं होतं. वय, पोचायला झालेला उशीर, शुद्ध किती उरलीय, जुने आजार, पोटात दारू आहे का. सूत्र खरं ठरलं की विभागप्रमुखाची खुर्ची आपल्या पायांनी चालत येणार होती. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे तोट्याच्या बाजूला मांडण्यासारखं काही दिसत नव्हतं.

खोट एकच. सूत्राने ज्यांच्यावर काट मारली, त्यांतले काही जण चक्क सावरायचे. तेही अगदी एकटे आलेले. शुद्धीवर आले की इकडेतिकडे बघत विचारायचे, "त्या बाई कुठे गेल्या?"

"कुठल्या बाई?"

"इथे बसलेल्या."

खाटेशेजारी रिकामं लोखंडी स्टूल असायचं. ते वॉर्डातल्या मावशींचं काम. पेशंट आला की त्या विचारत, "सोबत कोण?" कोणी नाही म्हटलं की ते डुगडुगतं स्टूल त्या खाटेला लावत.

"माणूसच नाही, तर स्टूल कशाला?" डॉक्टरीणबाईंनी एकदा हटकलं.

"ज्यांची माणसं असतात ना बाई, ती खाटेवरच पसरतात. पेशंट पडेल एखादवेळी. स्टूल मग रिकामंच की. इथे तरी लागेल."

पुढे एका दुपारी डॉक्टरीणबाईंचा हात सहज त्या स्टुलावर पडला. लोखंड कोमट होतं. आत्ताच कोणी उठून गेल्यासारखं.

"ऊन आलं असेल," धाकटा डॉक्टर म्हणाला. त्या कोपऱ्यात ऊन कधीच येत नसे.

मग ती मुलगी आली. एकटी, फार उशिरा, शुद्ध जवळजवळ हरपलेली. वय सोडलं, तर सूत्राच्या प्रत्येक कसोटीवर वाईट. औषधं, नळ्या, सगळं लगेच सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी फक्त स्टूल उचललं आणि आपल्या खोलीत नेऊन ठेवलं. काढून तर बघू, एवढाच विचार.

चहा पिताना त्यांचा हात पुन्हा तिकडे गेला. कोमट. शेजारी कोणीतरी, आपण बोलायची वाट बघत, निवांत बसलं होतं. त्या भ्यायल्या नाहीत, याचंच त्यांना नवल वाटलं. त्यांनी घरच्या गळक्या नळाचं सांगितलं. मग आईचं. कितीतरी दिवसांत आपण इतकं बोललो नाही, हे बोलतानाच लक्षात आलं. फोन वाजला, तो त्यांनी वाजू दिला.

धाकटा डॉक्टर दारात आला. "मॅडम, ती मुलगी हातची चाललीय. तुमचं सूत्र तंतोतंत." हसू आलेलं त्याने घाईने गिळलं.

त्यांनी स्टुलाकडे पाहिलं.

"थोडा वेळ अजून," त्या म्हणाल्या. मग स्वतःचाच आवाज ऐकून उठल्या.

स्टूल उचलून त्या वॉर्डात धावल्या. खाटेशी टेकवलं तेव्हा लोखंड बर्फासारखं झालं होतं.

त्यांनी वाट पाहिली. कोणी आलं नाही.

मुलीचा श्वास अडखळत होता.

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. तिचा हात हातात घेतला.

हळूहळू तो हात ऊबदार होत गेला.

संध्याकाळी तिने डोळे उघडले. "त्या बाई येऊन गेल्या," ती पुटपुटली. "बसल्या नाहीत."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आता ही बसेल."

मुलीला न्यायला बहीण आली, दोघी रडत, भांडत गेल्या. सूत्राची तीही चूक वरच्यांनी पोटात घातली आणि खुर्चीही मिळाली. मऊ, उंच पाठीची. वरवर पाहता सगळ्यांचं भलं झालं होतं.

पहिल्याच दिवशी दुपारी धाकटा डॉक्टर समोर बसून बराच वेळ गप्पा मारून गेला. तो गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी वाकून त्याच्या खुर्चीवर हात ठेवला. ऊबदार होती.

मग उठून स्वतःच्या खुर्चीवर ठेवला. सकाळपासून त्या तिच्यावरच बसून होत्या, वॉर्डातल्या स्टुलावर एकदाही नाही.

ती गार होती.