धम्माचा पहिला शब्द

घमेलं पडलं की धम्मा दचकायचा, पण हाक मारली की ढिम्म. चार वर्षांचा झाला तरी एक शब्द न्हाई. अंगणवाडीच्या बाई बोलल्या, "सोंगाड्या हाय तुझा भाऊ."

"सोंगाडं तुमचं खानदान!" मी बोलले. आईनं घरी आणून मलाच झोडपलं.

आधीच्या डॉक्टरनं नुसता कान तपासून "कान ठीक" म्हणून परत धाडलेलं. पुण्यात कानाच्या डॉक्टर अनुष्का मॅडमनी धम्माला झोपवून डोक्याला वायरी लावल्या.

"आवाज कानात पोचतोय," त्या बोलल्या, "पण मेंदूकडे जाताना मधल्या नसेत विस्कटतो. खरखरणाऱ्या रेडिओसारखं ऐकू येतं त्याला."

"मंग बोलंल का कवा?" आईचा आवाज फाटला.

"कानाला मशीन लावून बघू. नाही जमलं तर ऑपरेशन आहे. तोवर शांत खोलीत, समोर बसून, खुणा करत बोला. रोज."

मुठा गावात आमच्या घरी कुटली शांत खोली? वर पत्रा, शेजारी पिठाची गिरण. पण आई झाडायला जाती तो बंगला आठवडाभर रिकामा असतोय. मालक शनवारीच येत्यात. मोठा हॉल, गुळगुळीत पांढऱ्या टाइल, व्हरांड्यापर्यंत सपाट.

तितं मी धम्मासमोर बसायचे. "पाणी," म्हणत खूण करायचे. तो तांब्या दाखवायचा. मंग नुसतं बोलून बघितलं, तरी दाखवला! मी नाचलेच.

एकदा कंटाळून मी मोबाईल काढला. वर बघितलं तर धम्मा माझ्याकडं पाठ करून बसलेला. बोट फिरत होतं. तांब्या. दार. खिडकी. कुणीतरी विचारतंय आन् हा दाखवतोय, तसं.

मंग त्यानं तळहात सावकाश खाली आणला. आमची 'हळू बोल'ची खूण.

समोर रिकामी भिंत.

"कोण हाय रं तितं? समोर या की!"

मागं आईच्या भांड्यांचा आवाज, बाकी काय न्हाई. मी धम्माला जवळ ओढलं. पण जे कोण हाय, ते शिकवत तर हाय.

"शिकवा," मी भिंतीला बोलले. "पण न्यायचं न्हाई त्याला."

धम्माचा हात धरून निघाले. हॉलच्या मधोमध त्यानं पाय उंच उचलून पलीकडं टाकला. मंग वळून माझा हात मागं ढकलायला लागला.

"चल की!" मी वसकले.

ठेच लागली. अंगठ्याचं नख उलटलं.

खाली सपाट टाइल.

धम्मा माझ्या पायाकडं बघत होता. मंग तोंडाकडं.

"उंबरा," तो बोलला. स्वच्छ. ह्यो शब्द मी शिकवलाच न्हवता.

मी बोंबललेच, "आई! बोलला गं, बोलला!"

आई पळत आली. "उंबरा!" धम्मा ओरडला. तिनं आपसूक पाय उचलला आन् पुढं येऊन त्याला उराशी धरलं, रडत, हसत.

मी रक्त पुसायला वाकले. टाइल कोरडी होती. थेंब वीतभर वर, उंबऱ्याच्या उंचीला, हवेतच टेकलेला.

सुकत होता.