काचघरासमोरचा बाक

वर्धा स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीपाशी नलू केव्हाची ताटकळत उभी होती. आतला बाबू डबा उघडून बसलेला, मान वर करायचं नाव नाही.

"बंगलोरले जाची गाडी…" तिनं पुन्हा विचारलं.

"मद्रासवरून जा," मागून आवाज आला. "तिथं गाडी बदला. आन् खिडकीजवळची जागा धरजा, सकाळी डोंगर दिसते."

नलूनं वळून पाहिलं. सावळा, उंच तरुण. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. ओठ गप्प होते, पण डोळे मात्र…

"मी तुमाले इचारलं का?"

"नाई. पण थो बाबू भाकर संपल्याबिगर बोलत नाई. मी वळखतो त्याले."

नलूला हसू फुटलं. नको तिथं असं हसू आलं की पोरीचं काही खरं नसतं, बरं का!

हा हरिदास. देवळीच्या टेलिफोन हापिसात ऑपरेटर. नोकरीच्या ट्रेनिंगला आठ महिने बंगलोरला राहून आलेला. आणि नलू देवळीचे मोठे कास्तकार महादेवराव यांची एकुलती एक लेक, वर्ध्याच्या कॉलेजात शिकणारी. अठ्ठ्याहत्तरचा मार्च होता. तिची परीक्षा संपली की एप्रिलात दोन दिवस घरच्यांनी मिळून आरामात बंगलोर पाहायचं, असं महादेवरावांनी ठरवलं होतं. ज्या माणसानं कधी लेकीला रामटेकसुद्धा दाखवलं नाही, त्याला एकाएकी बंगलोर कसं सुचलं, हे नलूच्या डोक्यात आलं नाही. ती आपली खूष!

शनिवारी हरिदास कामासाठी वर्ध्याला यायचा. मग परतीच्या देवळी बसमध्ये पुढच्या सीटवर ती, मागच्या सीटवर तो. सहलीची चौकशी हे निमित्त. एका सहलीला किती चौकशी लागते? पण नलूचे प्रश्न काही संपत नव्हते.

"तिथं उन्हाळा नसते?"

"असते. पण झाडं माणसाच्या आंगावर येऊ देत नाईत."

"आन् संध्याकाळी?"

"संध्याकाळी सर येते. माणूस भिजते आन् घरी जाईस्तोवर वाळते."

"तुम्ही भिजले?"

"भिजलो न. पण एकट्यानं भिजण्यात काय मजा…"

नलू खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, वाळलेल्या पऱ्हाटीची, कपाशीची वावरं नुसती. तरी तिचे कान तापले.

"मंग या न आमच्यासंगं," ती हळूच म्हणाली.

"मी आलो तं तुमच्या घरची सहल होईल का थे?" तो हसत म्हणाला. हसण्यात हसू नव्हतं. का नव्हतं, ते तिला आठवड्याभरात कळलं.

बंगलोर पाहिलेला माणूस गावातच आहे म्हटल्यावर महादेवरावांनी त्याला घरी बोलावून घेतलं. "या, साहेब, या!" म्हणून खुर्चीही मांडली. मग रीतीनं विचारलं, "कोणाचे तुम्ही?"

"नत्थूजीचा पोरगा. बौद्धपुऱ्यातला."

महादेवराव उठले. आत जाऊन आले ते बसलेच नाहीत. खुर्चीही गड्यानं उचलून नेली. हरिदास ओसरीच्या पायरीवर बसला, सवयीचं असल्यासारखा. विमलाबाईंनी, म्हणजे नलूच्या आईनं, कोनाड्यातला कान तुटलेला कप काढला. चहा झाल्यावर त्यानं तो स्वतः विसळला आणि पालथा ठेवला. दाराआड उभ्या नलूला रडू आवरेना.

पण काम होतं, म्हणून महादेवराव विचारत राहिले. "दोन घरचे लोक बिनघोर बसतीन, कोणी टकमक पाह्यणार नाई, अशी एखादी जागा सांगा."

"लालबागेत काचघर हाय. त्याच्यासमोर मोठ्या झाडाखाली दगडाचा बाक हाय," हरिदास म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "तिथं बसा. लय शांत वाटते."

"बस्स, मंग पोरवाल्याईले थेच कळवा," विमलाबाई आतून बोलून गेल्या. "सहलीले आलो, सहज भेटलो, असं वाटलं पायजे. मागच्या साली एका स्थळानं नाई म्हटलं तं गावभर झालतं बाई!"

महादेवरावांनी डोळे वटारले, पण शब्द बाहेर पडला होता. हरिदासनं मान वर केली. दारात नलू उभी होती, पांढरी फटक. सहल कसली अन् काय कसलं! तिला दाखवायला नेत होते. आणि दाखवायची जागा निवडून दिली होती त्यानं.

पुढच्या शनिवारी बस अर्ध्या वाटेवर आली. शेवटी तिनंच तोंड उघडलं. "जाऊ का मी?"

"रिझर्वेशन झालं हाय."

"माणूस हायेस तू का टाईमटेबल?" नलू कडाडली. पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' निघाला होता. डोळे डबडबले होते.

हरिदासनं हातातल्या तिकिटाची घडी घातली. मग म्हणाला, "त्या बाकावर मी रोज बसत होतो, नलू. तिथं मले कोणी इचारलं नाई, कोणाचा म्हणून. मनात आलं, मी नसलो तरी तू तं बसशीन तिथं… म्हणून सांगतली थे जागा." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "माह्यं मन हाय तुह्यावर. पण तुमच्या ओसरीवर मले जागा नाई. तुले मी कुठं बसवू?"

वेशीच्या अलीकडेच तो उतरून गेला, कुणी पाहू नये म्हणून.

एप्रिलात गेले सगळे बंगलोरला. काचघर होतं, झाड होतं, दगडाचा बाकही होता. हवा अशी गार की विमलाबाईंनी पदर लपेटून घेतला. नलूच्या मनात मात्र देवळीचं ऊन पेटलं होतं. मुलगा अमरावतीकडचा, बंगलोरला नोकरी करणारा इंजिनियर, चांगला होता बिचारा. सगळे सतरंजीवर बसले. तो तिला म्हणाला, "बसा न बाकावर. जागा आवडली नाही का?"

"आवडली," नलू उभ्यानंच म्हणाली. आवाज स्वच्छ निघाला. "ही जागा माह्यासाठी एका माणसानं शोधली. थो आमच्या दारात पायरीवर बसते. थो येईल तवा बसीन मी."

वर पानांवर सर वाजू लागली. कुणी उठलं नाही. मुलाच्या वडिलांनी तेवढी टोपी डोक्यावर घातली.

मग सगळे परत निघाले. वर्धा स्टेशनवर उतरले तर चौकशीच्या खिडकीपाशी हरिदास उभा! गाडी कोणती, वार कोणता, त्यानंच तर ठरवून दिलं होतं. महादेवरावांनी त्याला पाहिलं आणि थांबले.

"नलू," ते हळू आवाजात म्हणाले, "तिकडं गेली तं घरी येजो नको."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नलूनं आईच्या हातातली आपली पिशवी धरली. विमलाबाईंची बोटं पिशवीवर घट्ट आवळली… आणि सुटली. महादेवराव चालू लागले. बाहेर ऑटोत बसेपर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही. पुढच्या साऱ्या वर्षांत कधीच पाहिलं नाही. देवळीच्या त्या घराचं दार नलूला पुन्हा दिसलं नाही, आई गेली तेव्हाही नाही.

पण त्या दुपारी ती खिडकीपाशी गेली आणि त्याच्या मागं रांगेत उभी राहिली.

"कोणती गाडी इचारून राह्यला?"

हरिदास वळला. तिच्या हातातली पिशवी त्यानं पाहिली, रिकामा फलाट पाहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. "नलू… हे काय करून बसली तू?"

"तू इचारलंतं न, मले कुठं बसवशीन?"

त्यानं नुसती मान डोलावली.

"थो बाक," नलू म्हणाली, "मी रिकामाच ठेवून आली."